पळस्प्याच्या मालकीणबाई

लोक मला तापट म्हणतात. मी तापट नाही, मला अर्ज नीट लागतो. पनवेलच्या तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून पत्र्याची शेड आहे, तिथं मी टाइपरायटर घेऊन बसतो. दिवसभर माणसं येतात आणि म्हणतात, "मास्तर, सायबाला पटेल असं कायतरी लिवा." काय पटेल ते सांगत नाहीत, कुठल्या साहेबाला ते सांगत नाहीत, आणि सातबारा घरी विसरलेले असतात. अशा माणसांना काय ओवाळायचं?

हौसाबाई भोपींवरही मी पहिल्या दिवशी ओरडलोच. साल ब्याण्णव. साठीच्या बाई, गुडघ्यापर्यंत कासोटा मारलेलं हिरवं लुगडं, पायात चप्पल नाही. त्यांनी पिशवीतून लाल फडक्यात बांधलेली एक चपटी वस्तू काढली आणि सरळ माझ्या मशिनवर ठेवली. मशिनवर एका वारस नोंदीचा अर्ज अर्धा टाइप होऊन चढलेला होता.

"बाई, हे काय देवघर आहे? उचला आधी!"

"देवघरातलाच हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन तुमच्या कामाचा हाय."

फडकं सोडलं तर उदबत्तीचा वास आला. आत एक जाड कागद होता. भोवती वेलबुट्टीची किनार, वर हंसाचं चित्र आणि खाली इंग्रजीत 'हंसराज एनॅमल वर्क्स लिमिटेड'. दर्शनी किंमत रुपये दहा, असे शंभर शेअर, साल १९६३, भागधारकाचं नाव काशीराम बाळू भोपी, राहणार पळस्पे. उजव्या कोपऱ्यात मात्र हळदकुंकवाचा असा थर चढला होता की नखानं खरवडला असता तर एखाद्या लग्नाला पुरला असता.

"दर लक्षुमीपूजनाला पाच बोटं लावते," हौसाबाई म्हणाल्या. "त्यांच्या नावावर कशी लावनार? हंसाच्या डोल्यात जायाचा. तो कोपरा रिकामा दिसला."

त्या कोपऱ्यात काय छापलेलं असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तर मी तिथंच डोकं आपटलं असतं.

काशीराम म्हणजे त्यांचे यजमान. एकोणऐंशी साली वारले. त्रेसष्ट साली पळस्प्याजवळ एनॅमलच्या भांड्यांचा कारखाना यायचा होता. त्यासाठी भोपी भावकीची जमीन गेली. कंपनीचा मालक म्हणाला, निम्मे पैसे रोख देतो, निम्म्याचे शेअर घ्या. सगळ्या भावकीनं कागद परत केला. "कागद शिजवून खायाचा काय?" असं म्हणून बाकीच्यांनी पूर्ण रोख घेतली. एकट्या काशीरामनं शेअर घेतले, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की शेअर ज्याच्याकडे, तो कंपनीचा मालक.

ते त्यानं अक्षरशः घेतलं. दर दसऱ्याला तो झेंडूचं तोरण घेऊन कारखान्याच्या गेटवर जायचा, स्वतःच्या हातानं बांधायचा आणि दरवानाला विचारायचा, "समदं ठीक हाय ना? कोन चोरीबिरी नाय ना करत?" पहिल्या वर्षी दरवानानं त्याला हाकललं. दुसऱ्या वर्षी चहा पाजला. पाचव्या वर्षी दरवान स्वतःच सांगायला लागला की भट्टी दोन दिवस बंद होती आणि नवा मॅनेजर उशिरा येतो. गाव हसून हसून लोळायचं. काशीरामचं नाव पडलं 'मालक', आणि ओघानं हौसाबाई झाल्या 'मालकीणबाई'. काशीराम गेला, पुढं कारखानाही बंद पडला, गेटला गंज चढला, तरी दसऱ्याचं तोरण हौसाबाईंनी सोडलं नाही.

नावं ठेवण्यात सगळ्यात पुढं काशीरामचा धाकटा भाऊ, भगवान. यानं आपल्या वाट्याच्या रोख पैशात एक जुनी लॉरी घेतली होती. लॉरी सहा महिने चालली. पुढं ती भगवानच्या अंगणात उभी राहिली ती राहिलीच, आणि तिच्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. पण लॉरीला कुणी हसलं नाही. लॉरी दिसते, हातानं ठोकता येते. हसायचं ते कागदाला.

हौसाबाई माझ्याकडे आल्या त्याच्या आदल्या दिवशी गावात एक हळद होती. आमच्याकडे हळदीला लग्नापेक्षा जास्त माणूस. भर मांडवात भगवान ओरडला, "बाजूला व्हा रं, मालकीनबाई आल्या! खुर्ची आना, कंपनीची मीटिंग हाय!" त्यात त्या साली शेअरबाजाराला उधाण आलेलं. उरण नाक्यावरचा न्हावी दाढी करता करता सिमेंटचे शेअर सुचवायचा. त्यामुळे मांडवात हशा जरा जास्तच पिकला.

"मास्तर," हौसाबाई म्हणाल्या, "पैशांचा मागनं बघू. पोर ना बाल, मना खायाला कितीसा लागतो? मना येवडाच शोधून द्या. त्यांनी कागद घेतला तो येडेपना होता, का नाय? तीस वर्षां झाली ऐकते. मराच्या आदी मना कलला पायजे."

खरं सांगायचं तर माझं उत्तर तिथल्या तिथं तयार होतं. बंद कारखान्याचा कागद, त्याला काय भाव? रद्दीवालासुद्धा कुंकवामुळे कमी देईल. पण बाई टक लावून बघत होत्या, म्हणून मी म्हटलं, "पत्र टाकतो. पानाला तीन रुपये पडतील."

"वालाच्या शेंगा चालतील?" त्यांनी विचारलं. चालतील म्हटलं, आणि माझा धंदा बसला.

पहिलं पत्र कंपनीच्या जुन्या पत्त्यावर गेलं आणि 'मालक सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. हे मी हौसाबाईंना वाचून दाखवलं नाही. दुसरं पत्र गेलं, तिसरं गेलं. इंग्रजी माझं तोलामोलाचं आहे. 'आय बेग टू स्टेट' असं मी लिहितो तेव्हा तहसीलदारसुद्धा सावरून बसतात. या कंपन्यांना ढिम्म फरक पडला नाही.

शेवटी कुणीतरी सांगितलं, नवीन पनवेलला सेक्टरमध्ये एका शेअरदलालाची कचेरी आहे, तिथं नीता म्हणून मुलगी बसते, तिला विचारा. नीता माझ्या मुलीच्या वयाची. तिनं माझी नऊ पत्रं वाचली, ओठ दाबून हसू आवरलं, आणि कपाटातून शेअरबाजाराची जाडजूड डिरेक्टरी काढली. दहा मिनिटांत वंशावळ हातात. हंसराज एनॅमल सत्त्याहत्तर साली कोंडाणा पॉटरीजनं घेतली. कोंडाणा पॉटरीज शहाऐंशीत मेघदीप सिरॅमिक्समध्ये विलीन झाली. मेघदीप चालू आहे, बाजारात तिचा रोज भाव फुटतो. म्हणजे कागद जिवंत होता! फक्त तो दोनदा दत्तक गेला होता आणि घरी कुणी कळवलं नव्हतं.

"पहिल्या वेळी पाच जुन्या शेअरना दोन नवे दिलेत," नीता म्हणाली. "म्हणजे शंभराचे चाळीस झाले. दुसऱ्या वेळी एकास एक."

हे हौसाबाईंना कसं सांगायचं या विचारात मी आठवडा घालवला. शंभराचे चाळीस म्हटल्यावर बाई विचारणार, साठ कुणी खाल्ले? विचारलंच त्यांनी. मी भागभांडवल, मूल्यांकन, गुणोत्तर असं बरंच सांगितलं. बाईंनी दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"म्हंजे माझ्या बापाच्या मिठागरासारका," त्या म्हणाल्या. "आमी घाटावर पाच पायल्या मीठ द्यायचो, दोन पायल्या तांदूल आनायचो. पाचाच्या दोन झाल्या म्हनून कोन रडतो काय? तांदूल भारी असतो."

मी दोन शेंगा सोलल्या आणि तोंडात टाकल्या.

आता मेघदीपच्या भागधारकांचं दप्तर ज्या कचेरीत असतं तिथून पत्र आलं, की कृपया फोलिओ नंबर, म्हणजे त्यांच्या वहीतला खातेक्रमांक, आणि सर्टिफिकेट नंबर कळवा. हे दोन्ही नंबर शेअरच्या कागदावर असतात. कुठं? उजव्या कोपऱ्यात.

इथं मला एक कबुली द्यायची आहे, जी मी पुढं बरेच महिने कुणाला दिली नाही. कागद माझ्याकडे होता. कुंकवाच्या थराखाली, उन्हाकडे धरलं की, आकड्यांसारखं काहीतरी दिसत होतं. माणसानं तसंच सोडावं, की नाही? पण मला वाटलं, कुंकू तेलानं सुटतं. घरून बायकोची खोबरेल तेलाची बाटली आणली, कापसाचा बोळा घेतला आणि हलक्या हातानं पुसायला लागलो. कुंकू सुटलं. त्याच्याबरोबर शाईही सुटली. कोपरा पारदर्शक झाला, त्यातून पलीकडची तहसील कचेरी दिसायला लागली, आणि नंबर कायमचा गेला. मी कागद पुन्हा लाल फडक्यात बांधला आणि हौसाबाईंना तोऱ्यात म्हणालो, "बघा, तुमच्या कुंकवानं नंबर खाल्ला!"

बाईंनी फडकं पिशवीत टाकलं. त्या दिवशी शेंगांची पिशवी तेवढी लहान होती.

अपराधी माणूस जास्त धावपळ करतो. मी स्वतःच्या खर्चानं त्यांना एस.टी.नं मुंबईला, फोर्टातल्या त्या कचेरीत घेऊन गेलो. काउंटरवरच्या कारकुनानं कागद उलटा केला, सुलटा केला, वास घेतला आणि विचारलं, "फोलिओ नंबर?"

"नाव लिवलाय ना," हौसाबाई म्हणाल्या. "काशीराम भोपी."

"आजी, नावावरून नाही सापडत. चाळीस हजार नावं आहेत."

"मंग शोधा. आमी बसतो." आणि त्या खरोखरच पंख्याखाली जमिनीवर बसल्या, भाकरी आणि सुकटाची चटणी सोडली. पाच मिनिटांत सगळ्या कचेरीनं नाकाला रुमाल लावले. कारकून मेटाकुटीला आला.

"अहो, कंपनीचं दुसरं काहीही कागदपत्र नाही का? जुनं पत्र? डिव्हिडंडचं वॉरंट? लांबट चेकसारखं असतं, खिडकीच्या पाकिटातून येतं, दर वर्षी."

"ते?" हौसाबाई म्हणाल्या. "ते हायत ना. डबाभर हायत."

माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. दीड वर्ष! सतरा पत्रं! "बाई," मी ओरडलो, "मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलाव कवा?"

दुसऱ्या दिवशी पळस्प्याला त्यांच्या घरी गेलो. देवाच्या फळीखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात काशीराम असतानाची पंधरा वर्षांची वॉरंटं, पाकिटासकट, तारखेनं लावलेली. एकही वटवलेलं नाही. त्यांचे पैसे कधीच सरकारजमा झालेले. पण प्रत्येकावर नाव, आणि नावाखाली ठसठशीत फोलिओ नंबर!

"हे बँकेत का नाही भरले?" मी हताशपणे विचारलं.

"ते बोलायचे, मालकानी आपल्याच कंपनीतना पैसा काढायचा नसतो. कनगीतला बी खाल्ला तर पेरनार काय? कंपनी दर साली चिठ्ठी धाडते, तिचा चाललाय बरा, येवडा कलला म्हंजे झाला."

मी कपाळाला हात लावला. पण मनातून, का कुणास ठाऊक, काशीराम पहिल्यांदाच वेडा वाटला नाही.

नंबर मिळाल्यावर चक्रं फिरली. चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात पत्र आलं. मधल्या काळात मेघदीपनं दोनदा एकास एक बोनस दिला होता, त्यामुळे चाळीसचे ऐंशी, ऐंशीचे एकशे साठ झाले होते. नीतानं त्या दिवसाचा भाव सांगितला, दोनशे पासष्ट. मी हिशेब तीनदा केला. बेचाळीस हजार चारशे रुपये.

फक्त शेअर हौसाबाईंच्या नावावर करायला दिराचं ना-हरकतपत्र हवं होतं. संध्याकाळपर्यंत आकडा अख्ख्या पळस्प्याला कळला होता, म्हणून मी धास्तावलो. आता भगवान वाटा मागणार, वकील लावणार, हे प्रकरण माझ्या नातवापर्यंत चालणार.

दुसऱ्या दिवशी भगवान शेडमध्ये आला. अंगात धुवट सदरा, टोपी हातात. मागून हौसाबाई. "सही कंय करू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आधी वाचून तर घ्या. "दादाचा हाय, वयनीचा हाय. माजा काय नाय त्यात," तो म्हणाला आणि सही करून मोकळा झाला. मी चाट पडलो. चाळीस हजारांवरचा हक्क सोडताना माणसानं पेन जरा तरी थांबवावं.

"आता दुसरा कागद," हौसाबाई म्हणाल्या आणि लुगड्याच्या ओच्यातून दहा रुपयांचा कोरा स्टँपपेपर काढला. "मास्तर, टाइप करा. मी भगवान बालू भोपी लिवून देतो, का माजा भाऊ काशीराम शाना होता."

भगवानचं पेन आता थांबलं. "शाना? वयनी, शाना नको. नशीबवान लिवा."

"नशीबवान मी. तो शाना."

"आगं पन पंदरा वर्षां चेक नाय वटवले! आयता पैसा सरकारनी खाल्ला! ह्यो शानपना?"

 हौसाबाईंची मान खाली गेली. तीस वर्षांचं ओझं आता एका वाक्यावर आलं होतं. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते माझ्या अब्रूवर यायचं होतं.

"भगवानराव," मी म्हणालो, "ते चेक वटवले असते तर नंबर कुठून मिळाला असता? शेअरच्या कागदावर नंबर उरला नव्हता. तुमच्या भावानं ते जपून ठेवले म्हणून आज हे एकशे साठ शेअर उभे राहिले. आणि ऐका, नंबर कुंकवानं गेला नव्हता. मी खोबरेल तेल लावून पुसला. शहाणपणाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो, इथं वेडा एकच आहे, तो टाइप करायला बसलाय."

 हौसाबाई मान वर करून म्हणाल्या, "मना ठाव हाय. कागदाला खोबऱ्याचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलाव कवा?"

भगवान मोठ्यानं हसला. हसता हसता थांबला, टोपीनं तोंड पुसलं.  मग म्हणाला, "लिवा मास्तर. शाना होता. माज्यापेक्षा शाना होता. ती लॉरी पन लिवा पायजे तर."

मी टाइप केलं. 'मी खाली सही करणार भगवान बाळू भोपी, राहणार पळस्पे, तालुका पनवेल, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे थोरले बंधू कै. काशीराम हे शहाणे होते. त्यांनी सन १९६३ साली शेअर घेतले ते विचारपूर्वक घेतले. सदर साली मी लॉरी घेतली. यापुढे मी अगर माझे वारस 'मालक' हा शब्द चेष्टेने उच्चारणार नाही. सबब हे प्रतिज्ञापत्र कोणत्याही दबावाशिवाय लिहून दिले असे.' शेवटचं वाक्य खरं नव्हतं, पण ते घालावंच लागतं.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'शहाणे होते' इथं आलो आणि हौसाबाई रडायला लागल्या. मांडवात हसणाऱ्यांसमोर कधी रडल्या नसतील अशा, पदर तोंडात धरून, तहसील कचेरीच्या दारात. भगवान उठला, त्यांच्या पायांना हात लावला आणि "रडू नको गं वयनी," म्हणत स्वतःच रडू लागला. मला रडणारी गिऱ्हाइकं आवडत नाहीत. मी दोघांनाही ओरडलो, आणि मग चष्मा पुसायला शेडच्या मागं गेलो.

पानाचे पैसे घेतले नाहीत. शेंगांचा मोसम यायचा होता, म्हणून तेही राहिलं.

पुढं नवं सर्टिफिकेट आलं, हौसाबाई काशीराम भोपी या नावानं. त्यांनी साठ शेअर नीताकडून विकले आणि घरावर नवी कौलं घातली. शंभर ठेवले. म्हणाल्या, "त्यांनी शंभरच घेतले होते." मी मात्र फोलिओ नंबर चार वेगवेगळ्या कार्डांवर टाइप करून दिला. एक कार्ड देवघरात, एक डब्यात, एक भगवानकडे, एक माझ्या खिशात. आणि बजावलं, "बाई, कुंकवाचं बोट या कागदाच्या आसपासही नेलंत तर याद राखा."

पंचाण्णवच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांनी मला बोलावलं. गेलो. भगवान होता, त्याची सुना-नातवंडं होती. पाटावर नवं सर्टिफिकेट होतं, कोरं करकरीत, एक ठिपका नाही. मला बरं वाटलं. शेजारी तो स्टँपपेपर होता. हौसाबाईंनी वाटीतलं कुंकू घेतलं, पाचही बोटं भरली आणि नेमकी 'शहाणे होते' या शब्दांवर टेकवली.

"अहो बाई!" मी ताडकन उठलो. "दरवर्षी असं लावलंत तर ते शब्दच जातील!"

"जाऊं द्या मास्तर," हौसाबाई म्हणाल्या. "आता सगल्यांना पाठ हाय."